बाबा, हलू नका!

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (मनातूनच. कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा स्वभाव कसा आहे? दोन्हींवर औषध नाही हे ठाऊक आहे, पण विचारायची रीत आहे.

तू पाठवलेली झटपट फोटोची फिल्म मिळाली. पाकिटांवरची तारीख उलटून इतका काळ लोटलाय, की ही भेट होती की तू अडगळ काढलीस, हे मी विचारणार नाही. म्हटलं, बाबांचा एक धड फोटो घरात नाही, तो माझ्या मोठ्या कॅमेऱ्यावर काढू. (तोच, ज्याला दादा 'भाता लावलेलं कपाट' म्हणतो.) बाबा दादाकडे, म्हणून दादाच्या घरी तिसऱ्या मजल्यावर तो चढवताना कंबर गेली. दादा वर कठड्याशी उभा राहून "सांभाळून, भिंतीचा रंग नवीन आहे," एवढी मदत करत होता.

बाबांना खिडकीजवळ बसवलं आणि काळ्या कापडात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. बाबा खाली डोकं वर पाय. जन्मभर त्यांनी मला धारेवर धरलं, त्यामुळे ते दृश्य मी जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं. पहिल्या वेळी शटर बंद करायचं विसरलो, फोटो पांढराफटक. दुसऱ्या वेळी पाकीट वाकडं ओढलं, आतलं रसायन नीट पसरलं नाही आणि बाबांना अर्धंच तोंड आलं. (वहिनी म्हणाली, "तेवढंच पुरे होतं.") तिसऱ्या वेळी "बाबा, हलू नका" म्हणालो आणि नेमका दादा मोबाईल घेऊन मध्ये आला. त्याने धडाधड फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले, 'छान! छान!' अशी उत्तरंही आली. मी अजून घड्याळ बघत, फोटो उमटून त्यावरचा कागद सोलायची वाट पाहत उभा. सोलला तर दादाची पाठ. अप्रतिम आली आहे. शर्टाची शिवण न् शिवण दिसते.

मग शेवटचं पाकीट. या वेळी बाबा जराही हलले नाहीत. कुरकूर नाही, 'हे धंदे कशाला' नाही. कागद सोलला आणि ताई, चेहऱ्यावरची रेघ न् रेघ उतरली होती! त्यांनी फोटो हातात घेऊन खूप वेळ पाहिला आणि म्हणाले, हातात कला आहे. माझ्या! दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. मी कॅमेरा खाली उतरवला तो कंबरेचं नावही न काढता.

तर इकडे सगळं ठीक आहे. काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांचं बोलणं वर पुरतं लिहिलं नाही. ते म्हणाले, "तुमच्या हातात कला आहे हो. आमच्या धाकट्यालाही हाच नाद होता. मीच बोलून बोलून त्याला घालवला. तुमचे वडील काही बोलत नाहीत?" मी म्हणालो, "नाही. आता नाही बोलत."

आणखी एक ता. क. दादा म्हणतो, वय झालं, चालायचंच. (दादाला ते ओळखतात. हे मला अजून पचलेलं नाही.) फोनवर ते तुला "मजेत आहे" म्हणतात, त्यावर जाऊ नकोस, परवा चुकून फोन लागलेल्या बाईलाही तेच म्हणाले. फिल्म आता पाठवू नकोस. तू ये. आमची लेक कधी येणार, असं ते मला विचारत होते. मी परका माणूस, मी काय सांगणार?