सरकारांच्या पोटातले केस

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या, ओरबाडलेल्या परंतु अद्याप हयात असलेल्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जावयांचा रक्तदाब, लेकीची नोकरी आणि नातवाचा दमा हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. (हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस आणि मला आज बरीच वाक्यं बोलायची आहेत.) इकडे आम्ही उभयता ठीक. सरकारही ठीक. सरकार म्हणजे तुझी मांजर. तू ठेवलेल्या नावाला ती ओ देत नाही, म्हणून आम्ही सरकार म्हणतो. त्यालाही ती ओ देत नाही, पण सरकारने ओ दिली नाही तर माणसाला निदान नवल वाटत नाही.

तू लेकीकडे राहायला गेलीस आणि नातवाच्या दम्यामुळे मांजर तिथे राहू शकत नाही, हे कबूल. तुझ्या मैत्रिणीने, म्हणजे मोठ्या बाईंनी, तिला कायमचं न्यायचं ठरवलं आणि त्यांच्या घराला रंग लागेपर्यंत आठ दिवस ती आमच्याकडे राहील असं तू सांगितलंस, हेही कबूल. त्या आठ दिवसांना आता तीन महिने होत आले. रंग केव्हाच वाळला. घोडं अडलं ते गालिच्यावर. बाई तिला पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा सरकारांनी मान लांब केली, पोट आत ओढलं, घशातून बिघडलेल्या पंपासारखा आवाज काढला आणि बाईंच्या पायाशी करंगळीएवढी, ओली, केसांची सुरळी नेऊन ठेवली. बाईंच्या बैठकीच्या खोलीत पांढरा गालिचा आहे. बाई मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या असल्या तरी निवृत्तीचं त्यांना कोणी कळवलेलं दिसत नाही. त्यांनी मला तीन महिन्यांची मुदत दिली, सुरळ्या बंद झाल्या तरच नेईन म्हणाल्या. येत्या रविवारी त्या परीक्षा घ्यायला येणार आहेत.

आता तुझा भाऊ चौतीस वर्षं नाटकांसाठी केसांचे टोप, दाढ्या आणि मिशा बनवतो. केस या विषयात साडेतीन किलोच्या प्राण्याने मला शिकवावं, हे मला मान्य नव्हतं. टोपाचे केस गळायला लागले की आम्ही त्यांना तेलाचा हात देतो. मी सरकारांना कानांपासून शेपटीपर्यंत खोबरेल चोपडलं. त्या आठवड्यात सुरळ्या दुप्पट झाल्या. एक तर सेनापतीच्या टोपात निघाली, आणि ती सेनापतीने टोप डोक्यावर चढवल्यानंतर निघाली. (सेनापती घरी जाऊन अंघोळ करून आले. प्रयोग चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला.) मग मी विंचरायला घेतलं. टोप विंचरताना आम्ही टोकाकडून मुळाकडे सरकतो, म्हणजे गुंता ओढला जात नाही. टोपाखालचं लाकडी डोकं याला हरकत घेत नाही. सरकारांनी घेतली आणि ती माझ्या दोन्ही मनगटांवर लेखी नोंदवली.

शेवटी नाक मुठीत धरून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि तेल कोणी लावलं असं विचारलं. मी तुझ्या भावजयीचं नाव सांगितलं. मग त्यांनी समजावलं, की मांजरीची जीभ म्हणजे एक खरखरीत कंगवाच. अंग चाटताना सुटे केस पोटात जातात, बरेचसे आपले आपण पुढे सरकतात, राहिलेल्यांची गुठळी होते. तेल लावलं की ती आणखीनच चाटणार. तेव्हा रोज दहा मिनिटं मऊ ब्रश फिरवायचा, तोही केस वळलेत त्याच दिशेने. पाणी पोटात जास्त जावं म्हणून ओलसर खाणं, त्यात चमचाभर शिजवलेला भोपळा, बिनमिठाचा. शिवाय रोज खेळवायचं, कारण कंटाळलेली मांजर उगाचच चाटत बसते. नुसती उबळ येतेय, बाहेर काही पडत नाही आणि खाणंही बंद, असं दिसलं तर घरगुती अक्कल न चालवता तडक दवाखान्यात आणायचं. (घरगुती अक्कल म्हणताना त्यांनी माझ्याकडेच पाहिलं.)

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता सरकार माझ्या कामाच्या टेबलावर आडव्या होतात आणि मी ब्रश फिरवतो. खेळण्यासाठी त्यांनी एका राक्षसाची दाढी पसंत केली आहे. राक्षसाला आता मी गुळगुळीत चेहऱ्याचा करणार आहे. तुझ्या भावजयीने पहिल्याच दिवशी एकतर ही राहील नाहीतर मी, असं जाहीर केलं होतं. भोपळा तीच शिजवते, पण मांजरीसाठी नव्हे, घरात उरला म्हणून. (रोज बरोबर एक चमचा उरतो.) आता आमच्या धंद्यात डोक्यावरून उतरलेला केस फेकत नाहीत, हे तुला माहीत आहे. मीही सवयीने ब्रशमधले केस लांबीप्रमाणे लावून डब्यात भरले आणि वर चिठ्ठी चिकटवली : राखाडी, मऊ, आखूड. मिशा विणायचं काम तुझ्या भावजयीकडे. तिने त्या डब्यातून एका म्हाताऱ्या प्रधानाची मिशी केली. फार देखणी झाली होती गं! प्रधानाच्या नटाला मांजरीच्या केसांचं वावडं आहे, हे आम्हाला तिसऱ्या अंकात कळलं. मरता मरता तो नऊ वेळा शिंकला, आणि दोनदा मेल्यावर. नाटक शोकांतिका आहे. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते हसून हसून. कंपनीच्या मालकांनी रात्री माझा उद्धार केला आणि पुढचे तीन प्रयोग भरलेले पाहिल्यावर मिशी तशीच ठेवा असा निरोप पाठवला. नट अजून माझ्याशी बोलत नाही.

असो. सांगायची गोष्ट ही, की गेल्या तीन आठवड्यांत एकही सुरळी पडलेली नाही. तेव्हा रविवारी बाईंनी तिला खुशाल घेऊन जावं. टेबल मोकळं होईल, मनगटं भरून येतील, सकाळी सात वाजता मला निवांत चहा घेता येईल. आम्ही दोघंही फार आनंदात आहोत. लेकीला व जावयांना आशीर्वाद, नातवाला गोड पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद वाचू नकोस. वाचला असशील तर विसर. मला ती हवी आहे, ताई. ती टेबलावर नसली तर माझा हात कामाला लागत नाही. म्हणून बुधवारी मी बाईंना फोन केला आणि सुरळ्या रोज पाच पडतात, एकेक चपलेएवढी असते, असं ठोकून दिलं. पण बाई काही हबकल्या नाहीत. उलट फारच हळुवार बोलल्या. स्वतःला जपा म्हणाल्या. रविवारी ओळखीच्या एका डॉक्टरांना घेऊन नक्की येते, त्याआधी ताईंनाही फोन करते म्हणाल्या. तेव्हा तूच त्यांना कळव, की तुझा विचार बदलला आणि मांजर भावाकडेच राहील.

आणखी एक ता. क. वरचं काहीही कळवू नकोस! पत्र पाकिटात घालण्याआधी तुझ्या भावजयीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ भोपळा चिरत राहिली. मग म्हणाली, की तिने सोमवारीच बाईंना फोन करून मांजर वारल्याचं सांगितलं होतं. म्हणजे मी बुधवारी वर्णन करत होतो ते दोन दिवसांपूर्वी वारलेल्या मांजरीचं. बाई रविवारी आमचं सांत्वन करायला येताहेत, आणि सोबतचे ते डॉक्टर माणसांचे आहेत. त्याआधी त्या तुला फोन करतील. मांजर गेली आणि भाऊ भ्रमिष्ट झाला, दोन्हीला हो म्हण.