कडेची खुर्ची

इंझोरी

प्रिय पवन,

पत्र पाहून तू आधी हसशील. रोज संध्याकाळी फोनवर तोंड दिसतं आणि हा धनराज कागद कसला काळा करत बसलाय, म्हणशील. म्हण. हे फोनवर सांगायला मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा तुझे बाबा, आमचे रामरावकाका, समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मला जमलं नाही.

तुझे स्पीकर उत्तम आहेत, आधी तेच सांगतो. मी लग्नाच्या मांडवांत उभा जन्म स्पीकरचे डबे वाजवलेला माणूस. तू डब्याशिवाय स्पीकर म्हणालास, तेव्हा मस्कतच्या उन्हाने याचं डोकं फिरलं, असं मी आमच्या उज्ज्वलाला सांगितलं होतं. नुसती प्लायवूडची उभी फळी, तिला भोकं पाडून स्पीकर बसवलेले, मागून सगळं उघडं. पण तुमच्या त्या टिनाच्या खोलीत डब्याचा आवाज घुमायचा आणि शब्द कळायचा नाही. ही फळी पुढे बोलते, मागे बोलते, बाजूच्या भिंतींकडे मात्र आवाज फेकतच नाही, हे तुझं म्हणणं खरं निघालं. मग तू पाठवलेली ती छोटी डीएसपीची पेटी आली. जाड आवाज मोठ्या स्पीकरला, बोलण्याचा मधल्याला, बारीक धाकट्याला, अशी वाटणी ती करते. फळीच्या कडेवरून पुढचा आणि मागचा जाड आवाज एकमेकांना खातात, म्हणून तू तिकडून माझ्या लॅपटॉपमध्ये शिरून खालचा जाड भाग उचललास, म्हणजे वाढवलास. धनराज माइक इकडे धर, धनराज खुर्ची तिकडे सरकव, असं करून महिनाभर माझा जीव खाल्लास. पण इतका स्वच्छ आवाज मी माझ्या धंद्यात कधी ऐकला नव्हता.

आणि तो कशासाठी, तर काकूंचं ते मोबाइलवरचं रेकॉर्डिंग काकांच्या मंद झालेल्या कानांना कळावं म्हणून. ललिताकाकू तूर निवडताहेत आणि काकांवर चिडल्यात. ‘अवो, आयकलं का? भाकर थंडी होऊन राह्यली.’ मागे सुपाचा आवाज. पहिल्यांदा नीट लागलं तेव्हा उज्ज्वला तोंडाला पदर लावून बाहेर गेली. काकांनी मान हलवली, साफ येते म्हणाले, आणि तू फोनवर रडलास. मला वाटलं, चला, जमलं. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली, या घरात कोणी तरी बोलायला लागलं.

तुला आठवतं, कडेला आवाज मरतो हे तूच मला शिकवलंस? फळीच्या बरोबर बाजूला पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना पुसून टाकतात, आणि तिथे पेटीतून कितीही वाढवलं तरी काही परत येत नाही, कारण जितका पुढचा वाढतो तितकाच मागचा. म्हणून तू काकांच्या खुर्चीची जागा खडूने आखून घेतलीस. तर ती खुर्ची रोज हलायला लागली. मी सकाळी ती खुणेवर ठेवायचो, संध्याकाळी ती फळीच्या कडेला. तिथून त्यांना फाटक दिसतं. मी एकदा त्या खुर्चीत बसून पाहिलं. काकूंचा एक शब्द धड कळेना. आणि काका तिथेच बसून तुला रोज सांगत होते की कालच्यापेक्षा आज बरं आहे.

मग एक दिवस, तुझा फोन यायच्या आधी, त्यांची मान डोलत असताना मी मागून अॅम्प्लिफायर बंद केला. मान डोलतच राहिली. थोड्या वेळाने त्यांचं लक्ष विझलेल्या लाल दिव्याकडे गेलं. ते रागावले नाहीत. माझा हात धरून म्हणाले, ‘मले काईच आयकू येत नाई, बाप्पा. पन पवनले सांगू नोको. हे सुदरलं नाई म्हनून तं तो रोज फोन करते.’

पवन, म्हणून मी गप्प होतो. अकोल्याचे डॉक्टर थोडं शिल्लक आहे म्हणाले होते, ते थोडंही गेलं. त्याला पेटी काय करणार? तू आवाजाचा कुठलाही भाग उचल, घ्यायला तिकडे कोणी नाही. काकूंचं बोलणं मी एकटाच ऐकतो रोज, आणि मला ते आता ऐकवत नाही.

तरी मी पुढेही गप्पच राहिलो असतो. पण परवा तू फोनवर काय म्हणालास ते आठव. बाबांना आता आईचा आवाज येतो, माझी काळजी मिटली, तेव्हा करार वाढवून घेतला, सही झाली, या दिवाळीला येत नाही, पुढच्या वर्षीही जमेलसं दिसत नाही. हे तू हसत हसत सांगितलंस, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. त्यांनी तेवढं हसणं पाहिलं आणि मान हलवली. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, ‘दिवाईले येतो म्हने ना तो?’

लिहून दाखवावं तर काकांची अक्षरओळख सहीपुरती. आणि दाखवता आलं असतं तरी माझ्याने झालं नसतं. मीही मान हलवली. काल त्यांनी माळ्यावरून तुझी बाज काढून उन्हात टाकली, आज भिंतींना मारायला चुन्याची पोती आणली. खुर्ची फाटकाकडे तोंड करून ठेवली आहे, आणि मी ती आता खुणेवर नेत नाही.

तुझाच, आणि तुझ्या जागी इथे बसलेला,
धनराज