नमुना दोन, निरोगी

३ मार्च, सोम.
दादाची गोळी ७.०० ला. ७.४० ला हाताचा ताठरपणा सुटला, शर्टाची बटणं स्वतः लावली. अलिबागच्या दवाखान्यात ९.५०. कंपवाताच्या अभ्यासासाठी दोघांचं रक्त दिलं. दादा पेशंट, मी धाकटा भाऊ, तुलनेसाठी निरोगी. डॉक्टरबाई म्हणाल्या, या आजारात मेंदूतल्या पेशींवर ऑक्सिडेशनचा मारा होतो. त्याच्या खुणा रक्तातल्या पांढऱ्या पेशींत सापडतात का, ते बघायचंय. मी म्हटलं, म्हणजे इंजिन न खोलता डिपस्टिकवर ऑइल बघायचं. हसल्या. बोटींची इंजिनं कुणाच्या हाताखाली न राहता शिकलो, एवढं कळतं.
माझा फॉर्म मीच भरला. प्र. ११, वास कमी येतो का? 'नाही'.

८ मार्च, शनि.
रेवदंडा. रफीकभाईच्या बोटीचं ऑइल हुंगलं, ठीक म्हणून सांगितलं. त्यांनी डिपस्टिक स्वतःच्या नाकाशी नेली. "मिस्त्री, डिझेल उतरलंय यात. सर्दी हाय काय?"
हो म्हणालो. सर्दी नव्हती.
वीस वर्षं ऑइलमधलं डिझेल नाकाने पकडतोय.

९ मार्च, रवि.
चार डबे. डिझेल, सुका जवळा, कॉफी, लसूण. मी डोळे मिटले, बायको, सुमन, एकेक नाकाशी धरत गेली. चारांत एक बरोबर. जवळा. तोही डबा हलल्याच्या आवाजावरून. तिला वाटलं, काहीतरी खूळ.
दादा खाटेवरून बघत होता. ती आत गेल्यावर म्हणाला, "हात थरथरायच्या चार वर्षं आधी माझा वास गेलेला. बोललो न्हाय कोणाला."

१० मार्च, सोम.
वास जायला कारणं बरीच असतात. वाचलंय. पण माझं रक्त, नमुना दोन, 'निरोगी' म्हणून दादाच्या रक्ताशेजारी लावणार. गेजच खोटा असेल तर त्यावरचं प्रत्येक माप...
डॉक्टरबाईंना फोन केला नाही. दादाची दाढी करताना स्वतःचा हात बघत होतो. स्थिर. दादाही तिकडेच बघत होता.

११ मार्च, मंगळ.
फॉर्मची माझ्याकडची प्रत काढली. प्र. ११ चं उत्तर एका रेषेत खोडलं, 'होय' लिहिलं. सही, तारीख, वेळ ११.१०. मग डॉक्टरबाईंना फोन. नमुना बाजूला ठेवते म्हणाल्या, एवढ्यावरून काहीच ठरत नाही म्हणाल्या, उद्या तपासायला या म्हणाल्या. दादालाही आणा.
रिक्षा ८.३० ची सांगितली.
दादा विचारतो, "उद्या पेशंट कोण, आणि सोबत कोण?"
मी पाण्याचा पेला भरला. गोळीची वेळ झाली होती.