वाकडी काजं

३ मार्च
लेक म्हणते, "आई, लग्नाला चाळीस वर्षं होताहेत, चार माणसं बोलावू. बाबा दोन शब्द बोलतील."
बोलतील! ह्यांनी दुकानात कोट शिवायचे, मी घरी बसून काजं करायची, जन्म त्यातच गेला. कधी तोंडातून "छान" निघालं नाही. चुकलं की मात्र नेमकं तिथंच बोट! अलीकडे तेही बंद. बघतच नसतील.

९ मार्च
झाला एकदाचा कार्यक्रम. हे उठले. गिऱ्हाइकांचे आभार. इस्त्रीवाल्याचे आभार. मशीनचे आभार — मशीनचे! आणि मी नटूनथटून समोर बसलेली, बावळट.
आमच्याकडेच कोट शिवणारे वकीलसाहेब म्हणाले, "वहिनी, काजं करावीत तर तुम्हीच!" तेवढ्यावर दिवस साजरा केला. हे आपले बुटांकडे बघत.

१२ मार्च
हे डबा विसरले. मीच घेऊन गेले दुकानात. काचेतून पाहिलं तर गिऱ्हाइकाचा कोट मांडीवर, आणि हे माझी काजं उसवताहेत! उसवायची नि पुन्हा स्वतः घालायची. डोकंच फिरलं. डबा इस्त्रीवाल्याच्या हातात कोंबला नि तशीच माघारी आले.
घरी कालच काजं करून ठेवलेला कोट होता. खिडकीशी नेला, भिंग लावलं. अगं बाई! टाके कुठल्या कुठे. डोळे गेलेत माझे, आणि मलाच पत्ता नाही. म्हणजे वकीलसाहेबांची शाबासकीसुद्धा ह्यांचीच! मला सांगायला काय झालं होतं? मी काय काचेची आहे? इतकी चीड आली की रडूच कोसळलं.

१३ मार्च
जेवताना म्हटलं, "उद्यापासून मी काजं करणार नाही. नीट होत नाहीत."
ह्यांचा घास हातातच राहिला. "कोण म्हणतं? छान होतात."
छान! ज्या शब्दासाठी जन्मभर झुरले तो आज आला — तोही खोटा. मी ताट उचललं नि आत गेले.

१४ मार्च
हे दुकानात गेले. टेबलावर दोन कोट ठेवलेत. शेजारी सुया — सगळ्यांत दोरा ओवलेला, गाठीसुद्धा मारलेल्या.
बसले काजं करायला.