लिहिलं त्याच्या निम्मं

बाबा, काल आईचा श्वास तुमच्या हिशेबावर चालला, म्हणून लिहिते आहे.

चिमूरच्या बसस्टँडमागचं तुमचं बॅटरी चार्जिंगचं दुकान. लग्नसराईत लाउडस्पीकरवाल्यांच्या बॅटऱ्या फळीवर ओळीनं मांडलेल्या असतात, तेजाबाच्या वासानं माझं नाक चुरचुरतं आणि तुम्ही एकेका जुन्या बॅटरीला ट्रकच्या हेडलाइटचा बल्ब लावून बसलेले असता. तो मंद व्हायला किती वेळ लागतो ते पाहिल्याशिवाय बॅटरी हातची सोडायची नाही, ही तुमची रीत. गिऱ्हाईक कावायचं. डबा घेऊन आलेली मीही कावायची, कारण भाजी गार व्हायची. एकदा मी विचारलं, "साठ अँपिअर-तास म्हणजे साठ काय?" तुम्ही बल्बकडे बोट केलं. "हा पाच अँपिअर खाते. साठाची बॅटरी त्याले बारा तास पोसन. पण ते कागदावर. जुनी असन तं सहाच धर. लिहिलं त्याच्या निम्मं आपलं." आता मी शाळेत शिकवते, एक अँपिअर सेकंदभर वाहिला की एक कूलॉम, तासभर वाहिला की छत्तीसशे. पण शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे कूलॉम नसतोच. तुमचा तो पिवळा बल्ब असतो.

आई आता माझ्याजवळ असते, या जंगलाकाठच्या गावात. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र दिवसभर तिच्या उशाशी चालू ठेवावं लागतं. काल दुपारी वादळात सागाचं झाड तारांवर पडलं. लाइट यायला चार तास लागतील, असं लाइनमननं सांगितलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर दीडशे लिहिलेलं, यंत्रापायी ती तीस अँपिअर देणार, म्हणजे पाच तास. शेजारचे भाऊ म्हणाले, "पुरते ना मॅडम, काऊन घाबरून रायल्या?" पण बॅटरी जुनी होती आणि तुम्ही माझ्या कानाशी बसला होता. मी पंखा बंद केला आणि भाऊंना त्यांच्या जीपनं तेव्हाच चिमूरला ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला पिटाळलं. कुरकुरत गेले बिचारे. परत येऊन त्यांनी सिलिंडर उतरवला, मी नळी जोडली, आणि इन्व्हर्टर केकाटायला लागला. तीन तासही झाले नव्हते. मी लगेच सिलिंडरची चावी फिरवली.

संध्याकाळी जरा बरं वाटल्यावर आईनं विचारलं, "सिलिंडर आधीच आणाचं तुले कोणं सांगतलं वो?"

"यंत्रासोबतच्या पुस्तकात लिहून हाय," मी म्हटलं.

खोटं बोलले, बाबा. तुम्ही गेल्याला वर्षं झाली, तरी तुमचं नाव निघालं की ती अजूनही रडते, आणि रडली की तिला श्वास पुरत नाही. म्हणून तिला सांगायचं ते तुम्हाला सांगितलं. ती जागी व्हायच्या आत हा कागद चुलीत घालते.