पांढरं ते जिवंत

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! पिएद्रा सेका म्हणजे एक चर्च, दोन पेट्रोलपंप आणि नजर पोचेल तिथवर अक्रोडासारख्या पेकनच्या बागा. घर मात्र अगदी मनासारखं मिळालं. पुढे ओसरी आहे, समोर डोंगर. सामान उतरवते तोच घरमालकीण एलोइसाबाई हिरव्या मिरचीचा रस्सा आणि गरम टॉर्टिया घेऊन हजर. चौकशा सुरू. हवाई दलात नऊ वर्षं काढलीस, मग सोडलंस कशाला? म्हटलं, काम कुठे सोडलंय, गणवेश तेवढा सोडला. ड्रोनचा कॅमेरा तेव्हाही चालवायचे, आता तोच एका खाजगी कंपनीसाठी चालवणार. दर दोन वर्षांनी बदली नाही की सलाम ठोकणं नाही. यावर ती म्हणाली, खुर्चीत बसून लढाई करायची म्हणजे पोरी, आधी कंबर सांभाळ. खूप दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

५ नोव्हेंबर

पहिली शिफ्ट. बिनखिडक्यांचा कंटेनर, दोन खुर्च्या, आतली हवा बर्फासारखी. इथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिकडे, आमचं विमान फिरतं त्या देशात, अंधार पडलेला असतो. डाव्या खुर्चीत वेंडेल स्ट्रिकलंड, विमान तो उडवतो. ओक्लाहोमाचा, साठीला आलेला, पायात कायम घोड्यावरचे बूट. मी सार्जंट होते हे कळल्यापासून मला सार्जंटबाई म्हणतो. माझ्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला, ही जरा कुरकुरते, पण तुझ्याइतकी नसेल.

आमच्या विमानावर शस्त्र नाही. आम्ही फक्त बघायचं. मारायची वेळ आली तर हवाई दलाचं दुसरं विमान मारतं. पण मारण्याआधी ते विचारतात, अंगणात कोण कोण आहे? त्याचं उत्तर मी द्यायचं.

सध्या नजर ठेवायला एकच घर दिलंय. मातीच्या भिंती, मधे अंगण, एक तुतीचं झाड. दोन पुरुष राहतात, त्यांच्यावर संशय आहे. एक बकरी आहे. ती सारखी दावं सोडवून झाडाकडे पळते. वेंडेल म्हणतो, सगळ्यात धोकादायक तीच.

७ नोव्हेंबर

आज एक गंमत झाली. आमचा कॅमेरा उष्णता टिपतो. गरम ते पांढरं, थंड ते काळं. माणूस असो की बकरी, जिवंत म्हणजे पांढरं. आज अंगणात भिंतीशी एक बाई दिसली. अंगभर पांघरलेली, हळूहळू चालणारी. पण काळी, विहिरीच्या तोंडासारखी. वेंडेलला दाखवलं. तो म्हणाला, झाडाची सावली असेल. सावली अशी अंगण ओलांडत नाही, म्हटलं. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तर त्याला काहीच दिसेना.

११ नोव्हेंबर

पुन्हा तीच. चुलीपाशी बसली होती. चूल पांढरीशुभ्र पेटलेली आणि ती तशीच काळी. मग तिने मान वर केली. सरळ माझ्याकडे पाहिलं.

वीस हजार फुटांवरून. काळोखात. खालून ना आमचं विमान दिसतं, ना त्याचा आवाज पोचतो.

शिफ्ट संपल्यावर चित्रण मागे नेऊन पाहिलं. चूल आहे, बकरी आहे. ती नाही. साहेबीण प्रुइटबाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, झोप होते ना नीट?

१४ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत वेंडेलने सांगितलं. माझ्या आधी या खुर्चीत डॉर्सी नावाचा माणूस होता. त्यानेही याच अंगणात बाई आहे म्हणून तीनदा सांगितलं. तीनदा हल्ला थांबवावा लागला. तिन्ही चित्रणांत कोणी नव्हतं. चौथ्यांदा त्याला घरी पाठवलं. प्रुइटबाईंनी तेव्हाच बजावलंय की असला तमाशा पुन्हा नको. वेंडेलने सँडविच तसंच गुंडाळून ठेवलं. म्हणाला, दिसली तरी बघू नकोस, सार्जंटबाई. मला अजून तुझ्याबरोबर काम करायचंय.

१८ नोव्हेंबर

रोज येते. मी बोलत नाही. तिच्यावरून नजर फिरवायला शिकले, जशी रस्त्यावरच्या खांबावरून फिरते. आज पुरता तास जमलं. घरी आल्यावर हातपाय गार होते. एका जागी बसवत नाही. तीनदा अंघोळ केली.

२१ नोव्हेंबर

आज मारलं.

सव्वादहाला विचारणा आली. अंगणात कोण? मी पाहिलं. दोन पुरुष, मोटारसायकल. भिंतीशी ती. नजर फिरवली. दोन पुरुष, म्हणाले. बाकी कोणी नाही.

पुन्हा विचारलं, नक्की? नक्की.

पडदा पांढरा झाला. धूर विरल्यावर वेंडेलने कानावरचं यंत्र काढलं आणि अगदी हळू विचारलं, ती पाणी घेऊन चालली होती ती कोण?

चित्रण मागे नेलं. होती. या वेळी सगळ्यांना दिसत होती. पांढरी. डोक्यावर हंडा. रोज काळी असते ती आज पांढरी होती आणि मी रंगच पाहिला नाही. न बघण्याची सवय मीच लावून घेतली होती.

मारल्यानंतरही बघत राहायचं असतं, तो नियम आहे. ती भिंतीशी पडली होती. पांढरीची राखाडी व्हायला पाऊण तास लागला. मग काळी.

मग ती उठली.

२४ नोव्हेंबर

प्रुइटबाईंच्या अहवालात लिहिलंय, दोन पुरुष, एक अनोळखी. म्हटलं, बाई लिहा. हंडा लिहा. आणि कोणी नाही असं मी म्हणाले तेही लिहा, माझ्या नावानिशी. त्या म्हणाल्या, काही दिवस घरी थांब. वेंडेलने स्वतः पाहिलेलं लिहून दिलंय, सही करून. त्याचा कागद कुठे गेला कोणाला माहीत नाही. त्याला आता शिकाऊ पोरींबरोबर सरावाची उड्डाणं दिलीत, या गावावरून.

२७ नोव्हेंबर

एलोइसाबाई सणाची टर्की खायला बोलवायला आली. दार उघडलं नाही. घर गार आहे. शेगडी पेटवली तरी — एकच बाजू गार. डावी. मी उठले की ती बाजू सरकते —

डॉर्सीचा नंबर मिळवला. त्याच्या बायकोने उचलला. तो बोलत नाही म्हणाली. कोणाशीच. उन्हात बसून असतो दिवसभर.

३० नोव्हेंबर

उन्हात बसले. ऊब नाही —

१ डिसेंबर

दुपार. ओसरीवर आहे. ऊन लख्ख. गारठा जात नाही म्हणून लिहितेय —

वेंडेलचा फोन. हसत होता. तुझ्या घरावरूनच चाललोय सार्जंटबाई, ओसरीवर काहीतरी खरडत बसलेली दिसतेस. मग विचारलं, शेजारी कोण?

कोणी नाही, म्हणाले. तेच शब्द. तसेच तोंडात आले.

तो म्हणाला, नीट बघ. मी नाही बघत. आता येत नाही मला बघायला —

शिकाऊ पोरीला विचारतोय तो. ऐकू येतंय. तीही म्हणते, दोघी आहेत. एक काळी. हात दुसरीच्या खांद्यावर —

वेंडेल ओरडतोय. उठ, आत जा, कोणाला तरी हाक मार. म्हणतो, तू फिकट होते आहेस, पांढरी होतीस आत्ता, आता —

खांदा जाणवत नाही. हात बघितला. लिहितोय. पण बोटं —