न दिलेला खांदा

११ मार्च
गौरवला मारलं! भाट्याच्या पुलावर, भर दुपारी, लोखंडी सळ्यांनी. माझा सख्खा धाकटा भाऊ. डोकं फुटलंय, हात दोन जागी मोडलाय. ह्यांच्या विरोधातल्या उमेदवाराचे झेंडे लावत होता, एवढाच गुन्हा.

हे प्रचारातून आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मृणाली, तुझी शपथ, मला काही माहीत नाही."

हाच हात. सरपंच असताना ह्यांनी भर सभेत इंजिनीयरच्या कानाखाली काढली, लोकांनी टाळ्या वाजवल्या — पंचायत समितीवर बिनविरोध! मग एका कारकुनाचे दात पाडले — आमदार. आता खासदारकीचं तिकीट. घरी मीही तो हात खाल्लाय. तिथे टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

१२ मार्च
रितेश, आमचा ड्रायव्हर, काल संध्याकाळी मागच्या नळावर शर्ट धूत होता. "सुरमय कापली, वैनी." ह्यांनी हाक मारली तसा शर्ट दगडावर टाकून पळाला. मी हुंगला. लहानपणापासून मासळी साफ करतेय मी. माशाचं रक्त मला कळत नाही?

शर्ट वाळवून तांदळाच्या पिंपात लपवलाय. रितेश तापट आहे. त्याने आपल्या मनानेच केलं असेल. तसंच असू दे, देवा.

१९ मार्च
गौरव अजून शुद्धीवर नाही.

२६ मार्च, शिमगा
पालखीला पहिला खांदा आमच्या घराचा. अंगात ताप असतानाही ह्यांनी पालखी नाचवली आहे. पालखीखाली खोटं बोलणारा वर्ष काढत नाही असं गाव मानतं, आणि हे गावापेक्षा जास्त मानतात.

हे खांदा द्यायला वाकले, तेवढ्यात आई गर्दीतून पुढे आली. "थांबा, जावयबापू. खांदा द्या, नि देवासमोर सांगा — माज्या पोराला तुमी मारवला नाय."

ढोल थांबले. ह्यांचा चेहरा पांढराफटक. "आचारसंहिता लागलीय, आई. देवाला राजकारणात नको ओढूया." सरळ गाडीत बसून निघून गेले. कोणी म्हणालं, बघा, कायदा पाळणारा माणूस!

घरी आल्यावर विचारलं. उत्तर पट्ट्याने मिळालं. पाठ टेकवत नाही. पालथी पडून लिहितेय.

३ एप्रिल
गौरव गेला.

आईने मला त्याच्याजवळ बसू दिलं नाही. म्हणाली, "तू त्या घरची."

५ जून
काल हे निवडून आले. अंगणभर गुलाल. रितेश बेभान नाचत होता. "हसा की वैनी, फोटो काढतायत!" हसले मी. माझी मलाच किळस आली.

२५ जून
टीव्हीवर शपथविधी बघितला. आमदार झाले तेव्हा "ईश्वरसाक्ष शपथ घेतो" असं इतकं खणखणीत म्हणाले होते की सासूबाईंनी टीव्हीला हात जोडले होते. आज देवाचं नावच नाही! नुसतं "गांभीर्यपूर्वक" म्हणाले आणि खाली बसले. सासूबाई हात जोडायच्या थांबल्या. "देवाचा नाव इसारलो काय ह्यो?"

विसरले नाहीत. घाबरले. पालखीखाली जायला घाबरले, तसेच.

आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून मात्र बिनदिक्कत बोलले! खोट्या शपथेने मेलं तर कोण मेलं असतं? मी. ते ह्यांना चाललं असतं.

२७ जून
पिंपातला शर्ट पोलिसांना दिला. पाठीवरचे वळही दाखवले. जबाब लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, "मिस्टर काय करतात?"

म्हटलं, लिहा — खासदार आहेत.